कॉलेजचा ऑफेन्सिव्ह लाइनमन एनएफएलमध्ये टिकेल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिलअखेर एनएफएलचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा ड्राफ्ट (संघांनी कॉलेजचे खेळाडू आळीपाळीने निवडणं) जवळ आला की चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक आणि तो झेलणारा रिसीव्हर यांच्याबद्दल सगळेच बोलतात. लाइनमनचा विषय निघाला की मात्र गाडी ‘हात किती लांब?’ आणि ‘बेंच किती मारले?’ एवढ्यावरच अडते. अमेरिकन फुटबॉल आवडीने बघणाऱ्या मराठी मंडळींनी गेल्या काही वर्षांत मला जे विचारलं, ते इथे एकत्र केलंय. मी कुठल्याही संघाचा स्काउट नाही. रात्री जेवणं उरकल्यावर लॅपटॉपवर एकच खेळी आठ-आठ वेळा मागे-पुढे करणारा माणूस आहे, एवढं लक्षात ठेवून वाचा.

ऑफेन्सिव्ह लाइनमन म्हणजे नेमके कोण?

चेंडू आपल्याकडे असताना क्वार्टरबॅकच्या पुढे ओळीने उभे राहणारे पाच जण. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. सेंटर पायांमधून चेंडू मागे देतो, तो स्नॅप. तिथून पुढे पाचांचं काम एकच: समोरच्याला अडवायचं, नाहीतर ढकलून वाट करायची. वजन साधारण ३०० ते ३३० पौंड, म्हणजे १३५ ते १५० किलो. आणि एवढ्या वजनानिशी बाजूला-मागे सरकत राहायचं, तेही समोरून कोणीतरी जीव खाऊन अंगावर येत असताना.

त्यांच्या नावावर ना यार्ड ना टचडाउन. मग जोखायचं कशावरून?

खेळ बघूनच. दुसरा खात्रीचा मार्ग नाही.

‘किती सॅक दिले’ (म्हणजे चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅक किती वेळा आडवा झाला) हा आकडा छापून येतो, पण तो फसवा आहे. समजा डाव्या गार्डच्या शेजारून कोणी मोकळा घुसला आणि क्वार्टरबॅक आडवा झाला. टीव्हीवर दोष गार्डला. पण त्या खेळीत पूर्ण ओळ उजवीकडे सरकायची ठरली असेल, तर तो माणूस अडवणं मागे उभ्या रनिंग बॅकचं (चेंडू घेऊन धावणाऱ्याचं) काम होतं. कधी क्वार्टरबॅकच चेंडू कवटाळून चार सेकंद उभा राहतो. तेवढा वेळ कोणालाच कोणी रोखून धरू शकत नाही. पास रोखण्याच्या प्रत्येक खेळीला गुण देणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांचे आकडे मीही बघतो. पण कोणता सामना आधी काढून बघायचा हे ठरवण्यापुरतेच.

टेप, म्हणजे सामन्याचं चित्रण, बघताना आधी काय बघायचं?

पाय. पहिल्यांदा बघताना मी कमरेच्या वरचं काही बघतच नाही.

लेफ्ट टॅकल घ्या. स्नॅप झाला की त्याचा डावा पाय मागे आणि थोडा बाहेर सरकतो, उजवा जमिनीला जवळजवळ घासत त्याच्या मागोमाग येतो. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. दोन पायांमधलं अंतर कायम राहिलं पाहिजे. टाचेला टाच लागली, किंवा घाईघाईत एक पाय दुसऱ्यावरून गेला, की त्या क्षणी तो खांबासारखा उभा असतो आणि कोणीही त्याला कलंडवू शकतं. क्वार्टरबॅकवर कडेने सुसाट धावून येणाऱ्या रशरला गाठायची घाई झाली की तो पाठ वळवतो आणि पळायला लागतो. तिथेच खेळी संपली. आत वळून आलेला दुसरा डाव त्याला दिसतच नाही.

दुसऱ्यांदा बघताना हात. तळहात समोरच्याच्या छातीवर, कोपरं अंगालगत. हात बाहेरून मिठी मारल्यासारखे जात असतील तर पंच होल्डिंग (धरून ठेवण्याची चूक) देणार, दहा यार्ड मागे. कॉलेजमध्ये काही वेळा सुटून जातं, एनएफएलमध्ये दर रविवारी पंचाचा दंडाचा रुमाल पडतो. कोणता हात कधी टाकायचा हेही बघा. जो दोन्ही हात एकदम आणि दर वेळी त्याच क्षणी टाकतो, त्याचे हात चांगला रशर तिसऱ्या खेळीपर्यंत पाठ करतो आणि झटकून लावतो.

मग गुडघे. हा आपल्याकडच्या तालमीतला मुद्दा आहे. वस्तादाला समजवावा लागणार नाही. खाली बसायचं ते गुडघ्यातून, कमरेतून नाही. कमरेतून वाकणारा पुढे झुकतो आणि त्याचा तोल समोरच्याच्या हातात जातो. सरळ छातीवर रेटा आला की चांगला लाइनमन एक पाऊल मागे जातो, दुसरं जातो, आणि मग बैठकीत बसल्यासारखा टाच रोवून थांबतो. ते थांबणं बघायला मला टचडाउनपेक्षा जास्त आवडतं.

आणि चौथ्यांदा बघताना फक्त त्याच्या हरलेल्या खेळ्या. प्रत्येक जण हरतो. हरल्यावर काय करतो, त्यातच त्याचं भविष्य असतं. पहिला धक्का चुकला तर हात पुन्हा आत आणतो का? रशर खांद्याच्या पुढे गेला तर त्याच्याच वेगाने त्याला क्वार्टरबॅकच्या मागून लांब हाकलतो, की मान खाली घालून उभा राहतो? आधी तीन वेळा एकाच चालीला फसला असेल, तर चौथ्या वेळी काही बदललं का? माझ्या मते बाकी सगळी मापं या एका प्रश्नापुढे दुय्यम आहेत. कॉलेजात शंभरात पंच्याण्णव खेळ्या तो नुसत्या ताकदीवर जिंकतो. एनएफएलमध्ये त्याचं खरं आयुष्य उरलेल्या पाचांसारखं असतं.

हातांच्या लांबीचं एवढं काय कौतुक?

कारण सरळ आहे. दोघांनी एकमेकांवर हात टाकले तर लांब हाताचा आधी पोचतो. टॅकलला मोकळ्या जागेत खेळायचं असतं, त्यामुळे ३४ इंच हात हवेत असं संघ मानत आले, आणि ३३च्या खाली गेलात की ‘हा गार्ड होणार’ अशी कुजबुज सुरू होते. माप खांद्याच्या हाडापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत घेतात, तेही इंचाच्या आठव्या भागापर्यंत.

आता गंमत बघा. जो टॉमसचे हात साडेबत्तीस इंच होते. विस्कॉन्सिनचा हा टॅकल २००७ साली क्लीव्हलँड ब्राउन्सने तिसऱ्या क्रमांकावर घेतला. तो सलग १०,३६३ खेळ्या एकही न चुकवता खेळला आणि २०२३ साली हॉल ऑफ फेममध्ये गेला. ब्राउन्सचे क्वार्टरबॅक त्या काळात कपड्यांसारखे बदलले, लेफ्ट टॅकल तोच. नॉर्थवेस्टर्नच्या रशॉन स्लेटरचे हात बरोबर ३३ भरले. २०२१ मध्ये चार्जर्सनी तेराव्या क्रमांकावर घेतला आणि पहिल्याच वर्षी प्रो बोलला, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंत पोचला. स्लेटरवर विश्वास बसायचं कारण माप नव्हतं. २०१९ मध्ये ओहायो स्टेटच्या चेस यंगसमोर तो ज्या शांतपणे पाय टाकत होता, ती टेप होती. तोच यंग पुढल्या वर्षी ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेला.

२०२५ मध्ये एलएसयूच्या (लुईझियाना स्टेट विद्यापीठ) विल कॅम्बेलचे हात कंबाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या सामाईक मोजमाप-चाचण्यांत) ३२ पूर्णांक ५/८ इंच भरले, आणि नंतर त्याच्या विद्यापीठातल्या चाचणीच्या दिवशी, प्रो डेला ३३. हाड काही वाढलं नव्हतं, मोजणारा बदलला होता. एवढ्याशा फरकावर चर्चेचे किती तास गेले! न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी त्याला चौथ्या क्रमांकावर घेतला तो घेतलाच.

म्हणून मी असं धरतो: आखूड हात ही चूक नाही, तो पहिल्यापासून अंगावर असलेला खर्च आहे. तो फेडायला पाय तेवढे चपळ आणि हात टाकायची वेळ तेवढी अचूक हवी. टॉमसकडे दोन्ही होतं. आखूड हात आणि जड पाय असतील तर मात्र खरंच गार्ड.

कंबाइनमधल्या ४० यार्ड धावण्याचा लाइनमनशी काय संबंध?

जवळजवळ काहीच नाही. सामन्यात टॅकल सरळ ४० यार्ड धावला तर बहुधा चेंडू विरोधकाच्या हातात पडलाय आणि हा त्याला पकडायला निघालाय. संघ बघतात ते त्यातले पहिले १० यार्ड, कारण जागेवरून किती झटकन सुटतो हे त्यात दिसतं. उभी उडी आणि लांब उडी यांतून कमरेखालचा स्फोट कळतो.

ही परीक्षा फसवते तीही दोन्ही बाजूंनी. ओक्लाहोमाचा ऑर्लँडो ब्राउन ज्युनियर २०१८च्या कंबाइनमध्ये ४० यार्ड ५.८५ सेकंदांत धावला, बेंच प्रेस (२२५ पौंड उचलणं) फक्त १४ वेळा. पहिल्या फेरीतलं नाव घसरून ८३व्या क्रमांकावर आलं आणि बाल्टिमोर रेव्हन्सनी उचललं. पुढे तो चार वेळा प्रो बोलला गेला, आणि कॅन्सस सिटी चीफ्सबरोबर सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामनाही जिंकला. त्याच्या टेपवर जे होतं तेच एनएफएलमध्ये दिसलं: प्रचंड देह, लांब हात, त्याला वळसा घालून जायला लागणारा वेळ.

उलट आयोवाचा ट्रिस्टन वर्फ्स २०२० मध्ये ४.८५ सेकंदांत धावला आणि साडेछत्तीस इंच उभी उडी मारली, तीही ३२० पौंडांच्या देहानं. तरी त्या ड्राफ्टमध्ये त्याच्या आधी तीन टॅकल गेले. टॅम्पा बे बकेनीअर्सना तो तेराव्या क्रमांकावर मिळाला, आणि पहिल्याच हंगामात टॉम ब्रेडीसमोर उभा राहून सुपर बोल जिंकला. तो शाळेत कुस्ती खेळायचा. लाइनमनच्या माहितीत ‘रेसलिंग’ दिसलं की माझे कान टवकारतात. तोल आणि कंबर यांचा अभ्यास फुकट होऊन आलेला असतो.

आणि बेंच प्रेस?

२२५ पौंड किती वेळा उचलले एवढंच ते. लांब हाताच्या माणसाला बार जास्त अंतर ढकलावा लागतो, म्हणजे ज्याचे हात टॅकलला हवे तसे आहेत त्याचाच आकडा कमी येतो. मी तो वाचून सोडून देतो.

कॉलेजात कोणालाच जाऊ दिलं नाही, तोच एनएफएलमध्ये का बुडतो?

बऱ्याचदा कारण तो नसतो, त्याच्या कॉलेजची खेळायची पद्धत असते. आज बहुतेक कॉलेज संघ पसरून खेळतात: चेंडू पटकन हातावेगळा, क्वार्टरबॅक मागे, आणि अर्ध्या खेळ्या अशा की पास आहे की धाव हे स्नॅपनंतर ठरतं. कॉलेजच्या नियमात लाइनमन पास सुटेपर्यंत तीन यार्ड पुढे जाऊ शकतो, एनएफएलमध्ये एकच. म्हणून कॉलेजात धावेच्या खेळीसारखं पुढे ढकलत राहूनही पास निघून जातो. असा टॅकल हंगामभर खेळला तरी पाच-सात पावलं मागे सरकत, एकट्याने, तीन सेकंद रशरला रोखण्याचे प्रसंग मोजकेच येतात. पण एनएफएलमध्ये तिसरा डाउन (चारांतला तिसरा प्रयत्न) आणि आठ यार्ड बाकी असले की तेच करायचं असतं.

त्यामुळे मी त्याच्या तशाच खेळ्या वेगळ्या काढतो: पास नक्की आहे हे सगळ्या मैदानाला माहीत, मदतीला टाइट एंड (टॅकलच्या शेजारी उभा राहणारा) नाही, फसवा हँडऑफ (धावणाऱ्याला चेंडू दिल्याचं नाटक) नाही. चार सामन्यांत मिळून पंधरा-वीस सापडल्या तरी पुरे.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या २०११च्या करारापासून एनएफएलमध्ये नियमित हंगामात पूर्ण पॅड घालून सराव फक्त १४ वेळा करता येतो. क्वार्टरबॅकला पॅडशिवायही सराव होतो. धडक घ्यायला आणि रेटा झेलायला शिकणाऱ्याला पॅडशिवाय काय शिकवणार? कच्चा मुलगा घेतला तर त्याला भाजायला आच आणि वेळ दोन्ही कमी, हे धरूनच निवड करावी लागते.

टॅकलला गार्ड केलं म्हणजे तो नापास झाला का?

नाही. नोत्र दामचा झॅक मार्टिन कॉलेजात लेफ्ट टॅकल होता. हात ३३ इंचांना थोडे कमी. २०१४ मध्ये डॅलस काउबॉइजनी सोळाव्या क्रमांकावर घेऊन पहिल्या दिवसापासून गार्डला लावला, आणि तो पिढीतल्या सर्वोत्तम गार्डांपैकी एक ठरला. आत जागा कमी असते, रशर लगेच अंगावर येतो, लांबीपेक्षा ताकद आणि डोकं लागतं. हिशेबाची बाजू मात्र खरी: टॅकलला पैसे जास्त मिळतात, म्हणून पहिल्या दहात गार्ड घ्यायला संघ बिचकतात. क्वेंटन नेल्सन २०१८ मध्ये गार्ड म्हणूनच सहाव्या क्रमांकावर गेला, पण त्याच्या टेपवर समोरचे लोक आडवे पडत होते, त्यामुळे कोणी फारशी कुरकुर केली नाही.

लेफ्ट टॅकल अजूनही राइट टॅकलपेक्षा महत्त्वाचा?

उजव्या हाताच्या क्वार्टरबॅकची पाठ डावीकडे असते, म्हणून ती जागा मोलाची मानली गेली. डावखुरा असला की गणित उलटं. पण आता संघ आपला सर्वांत चांगला रशर कमजोर टॅकलसमोर नेऊन उभा करतात, मग तो कुठल्याही बाजूला असो. फिलाडेल्फियाचा लेन जॉन्सन जवळजवळ आख्खी कारकीर्द उजवीकडे खेळून मोठा झाला. वर्फ्स दोन्हीकडे खेळला. एकच काळजी: बाजू बदलणं म्हणजे उद्यापासून डाव्या हातानं जेवायला सांगण्यासारखं आहे. काहींना आठवड्यात जमतं, काहींना कधीच नाही.

सेंटर इतके उशिरा का घेतात?

कारण अंगापिंडाने तो सगळ्यांत लहान असतो आणि त्याचं अर्धं काम कॅमेऱ्यात दिसत नाही. समोरची मांडणी वाचून कोणी कोणाला धरायचं हे तोच ओरडून सांगतो. जेसन केल्सी सिनसिनाटीत शिष्यवृत्तीशिवाय आला, २०११ मध्ये सहाव्या फेरीत १९१व्या क्रमांकावर गेला, आणि सहा वेळा पहिल्या ऑल-प्रो संघात (हंगामातल्या सर्वोत्तमांच्या यादीत) बसला. क्रीड हम्फ्री डावखुरा. डाव्या हातानं स्नॅप देतो म्हणून थोडी धाकधूक होती, २०२१ मध्ये दुसऱ्या फेरीअखेर ६३व्या क्रमांकावर चीफ्सना मिळाला. आज ती चोरी वाटते.

झोन आणि गॅप ही काय भानगड?

झोनमध्ये पाचही जण एका दिशेने सरकतात आणि वाटेत येईल त्याला धरतात. चपळ, हलके लोक तिथे शोभतात. गॅपमध्ये ठरलेल्या माणसाला ठरलेल्या बाजूला रेटायचं आणि गार्ड मागून फिरून मुसंडी मारतो. झोनसाठी घडलेल्या २९० पौंडी मुलाला रेटारेटीच्या संघात टाकलंत तर दोष मुलाचा नाही. निवड झाली की मी आधी संघाच्या लाइन कोचचं नाव बघतो.

सीनियर बोलच्या (ड्राफ्टआधी कॉलेजच्या निवडक खेळाडूंच्या सामन्याच्या) सरावाला किती किंमत द्यायची?

बरीच, पण मोजून. अलाबामातल्या मोबीलला जानेवारीअखेर हा आठवडा भरतो. तिथली समोरासमोरची झुंज रशरच्या सोयीची असते: शेजारी गार्ड नाही, जागा मोकळी, धाव कधीच येणार नाही हे ठाऊक. तिथे टॅकल अर्ध्या वेळा हरला तरी मी घाबरत नाही. पण लहान कॉलेजच्या मुलासाठी हाच दरवाजा.

क्विन माइनर्झ विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरचा, म्हणजे शिष्यवृत्ती न देणाऱ्या तिसऱ्या श्रेणीतला. कोविडमुळे २०२०चा त्यांचा हंगामच झाला नाही. हा पठ्ठ्या कॅनडातल्या जंगलात झाडांवर धडका देत तयारी करत राहिला. २०२१च्या सीनियर बोलला जर्सी वर गुंडाळून, पोट उघडं टाकून उतरला, आणि मोठ्या कॉलेजांच्या पोरांना जागेवर थोपवून धरलं. सेंटरही पहिल्यांदा तिथेच खेळून दाखवला. डेन्व्हर ब्रॉन्कोजनी तिसऱ्या फेरीत ९८वा घेतला, आणि २०२४ मध्ये तो पहिल्या ऑल-प्रो संघात होता.

तज्ज्ञ आणि संघ, सगळेच पूर्ण चुकलेत असं कधी झालंय?

१९८९. पहिले पाच क्रमांक: ट्रॉय एकमन, टोनी मॅन्डरिच, बॅरी सँडर्स, डेरिक टॉमस, डिऑन सँडर्स. यातले चार हॉल ऑफ फेममध्ये आहेत. मॅन्डरिच, मिशिगन स्टेटचा टॅकल, नाही. ग्रीन बे पॅकर्सकडे त्याचं काहीच जमलं नाही, आणि बऱ्याच वर्षांनी कॉलेजात स्टेरॉइड घेतल्याचं त्यानेच कबूल केलं. समोरच्याला नुसता चिरडणारा तो देह बघून सगळे भुलले होते.

मला मात्र २०१३ जास्त शिकवून गेलं. पहिल्या चारांत तीन टॅकल: एरिक फिशर पहिला, ल्यूक जोकेल दुसरा, लेन जॉन्सन चौथा. जोकेल सगळ्यांत ‘तयार’ मानला जायचा, तोच जॅक्सनव्हिलमध्ये दुखापत आणि जागाबदल यांत हरवला. फिशर ठीक निघाला. जॉन्सन, जो कॉलेजच्या सुरुवातीला चक्क क्वार्टरबॅक होता, तो तिघांत थोर ठरला. आणि त्याच ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत, १०९व्या क्रमांकावर, कोलोरॅडोचा डेव्हिड बाख्तियारी बसून होता. पॅकर्सनी घेतला, पहिल्याच वर्षी लेफ्ट टॅकलला उभा केला, पुढे ऑल-प्रो झाला. त्याच्यात चिरडणारं काही नव्हतं. पाय मात्र कधी एकमेकांना लागत नसत.

कॉलेज फुटबॉल न खेळताच कोणी आलाय का?

जॉर्डन मेलाटा. ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळायचा, अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. २०१८ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सनी सातव्या फेरीत २३३वा घेतला. आधी दोन वर्षं नुसतं शिकला, २०२० पासून लेफ्ट टॅकल. याचं उदाहरण देऊन ‘कोणालाही शिकवता येतं’ म्हणणाऱ्यांनी आधी सहा फूट आठ इंच उंचीचा, तसं पळणारा माणूस शोधून आणावा. आणि ईगल्सच्या तेव्हाच्या जेफ स्टाउटलंडसारखा लाइन कोचही.

स्वभाव, दुखणी, भानगडी?

दुखणी सर्वांत आधी: गुडघा, पाठ, खांदा. डॉक्टरांचे ते अहवाल आपल्याला दिसत नाहीत, म्हणून एखादं नाव कारणाशिवाय घसरलं तर मी संघाला मूर्ख म्हणायची घाई करत नाही. भानगडींचं वेगळं. २०१६ मध्ये लॅरेमी टनसिलच्या ट्विटर खात्यावर ड्राफ्ट सुरू होण्याच्या काही मिनिटं आधी त्याचा मास्क लावून धूर ओढतानाचा जुना व्हिडिओ कोणीतरी टाकला. तो तेरावा गेला. मायामीला वरच्या पाचांतला टॅकल स्वस्तात मिळाला, टनसिलची कारकीर्द उत्तम झाली.

पहिल्या वर्षी वाईट खेळला तर सोडून द्यायचा?

अँड्र्यू टॉमस २०२० मध्ये पहिला गेलेला टॅकल, जायंट्सकडे चौथा. पहिला अर्धा हंगाम त्याला न्यू यॉर्कच्या लोकांनी धुऊन काढलं. २०२२ मध्ये तो दुसऱ्या ऑल-प्रो संघात होता. लाइनमनला मी दोन पूर्ण हंगाम देतो. मात्र दुसऱ्या हंगामात चूक नवी हवी.

भारतातून ड्राफ्ट बघायचा तर केव्हा?

पहिली फेरी तिकडे गुरुवारी रात्री आठला, पूर्वेकडच्या वेळेनुसार. आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाच. दुसरी-तिसरी फेरी शनिवारी भल्या पहाटे. चौथ्या फेरीपासून पुढचं शनिवारी रात्री आपल्याकडे सुरू होतं, आणि बाख्तियारी, केल्सी, मेलाटा तिथूनच निघाले. झोप मोडायचीच असेल तर त्या रात्री मोडा.